हातानं मारलेली हाक

मी भांडखोर बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून दुसऱ्या कोणी सांगितलं तर मला राग येतो. भिवंडीतल्या एका शाळेच्या ऑफिसात मी क्लार्क आहे. दिवसभर दाखले, हजेरीपट आणि "मॅडम, माझं तेवढं आधी बघा ना" म्हणणारे पालक. त्यामुळे आवाज चढलेला असतो, तो घरी आल्यावरही लवकर उतरत नाही.

आणि मला एक खोड आहे. लोकांनी टाकून दिलेली जनावरं मी उचलून आणते. नुसती रस्त्यावरची म्हणत नाही मी, घरात वाढलेली, माणसाच्या अंगाखांद्यावर खेळलेली आणि मग नकोशी झालेली. भाड्याची खोली सोडताना माणसं गॅसची शेगडी आठवणीनं नेतात आणि मांजर विसरतात. एकदा तर पांढरंशुभ्र, केसाळ, निळ्या डोळ्यांचं मांजर भाजीवाल्याच्या रिकाम्या क्रेटमध्ये बसलेलं सापडलं. कचऱ्याच्या गाडीचा आवाज आला की थरथर कापायचं. आजवर अशी बरीच मांजरं, पाच-सहा कुत्री आणि शिव्या देणारा एक पोपट मी चांगल्या घरात नेऊन सोडलाय. पोपट ज्यांच्याकडे दिला ते रिटायर मास्तर आहेत. ते म्हणतात, घरात बोलायला कोणीतरी आहे, मग शिव्या दिल्या तरी चालतील.

घर नीट बघितल्याशिवाय मी जनावर देत नाही. मुलगी द्यायची असल्यासारखी जाते. गॅलरीला जाळी आहे का, गावाला जाताना कोणाकडे ठेवणार, पाणी ठेवायला भांडं कुठलं, सगळं विचारते. "ताई, तुम्ही तर आमची चौकशीच लावली," असं एक बाई हसत हसत म्हणाल्या. म्हटलं, हो, लावली. आधी कोणी लावली असती तर हे पोर माझ्याकडे आलंच नसतं.

मात्र माझ्या स्वतःच्या घरात एकही ठेवायचं नाही, हा माझा नियम होता. दोन दिवस, चार दिवस, फार तर आठवडा. कारण घरात बाबा होते.

आम्ही भिवंडीतच टेमघरला राहतो. तळमजल्यावर दोन खोल्या, पुढे छोटी गॅलरी, मागे मोरी. मी लग्न केलं नाही. आई होती तेव्हा आम्ही तिघं होतो, तीन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हापासून मी आणि बाबा. बाबा तीसहून जास्त वर्षं लूमच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेली लूम दुरुस्त करणारा, हातात पाना घेऊन दिवसभर या लूमवरून त्या लूमवर फिरणारा. लूमच्या त्या खडखडाटानं त्यांचे कान खाल्ले. डावा कान पूर्ण गेला, उजव्यानं थोडंफार ऐकू येतं, तेही समोरचा जोरात बोलला तर. आई गेली आणि बाबांनी बोलणंही जवळजवळ सोडलं. सकाळी गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे ते जेवायलाच उठायचे. जेवायला या म्हणून मी दारातून तीनदा ओरडायची, चौथ्यांदा ते दचकून उठायचे. एखादं मांजर पायात आलं आणि पडले तर? त्या धाकानं मी नियम केला होता.

त्यांची आणखी एक सवय होती. माझ्याकडे बघत उजव्या कानाची पाळी धरायची आणि दोनदा ओढायची. दिवसातून पाच-सहा वेळा तरी. मी विचारायची, "बाबा, कान दुखतोय?" ते मान हलवून न्हाय म्हणायचे. "मग खाजतोय?" तेही न्हाय. मी काही ऐकणाऱ्यातली नाही. त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं, मळ काढला, थेंब आणले, शेवटी कानात लावायचं मशीन आणलं. मशीन डबीत घालून त्यांनी कपाटात ठेवून दिलं ते कायमचं. मी चिडले. म्हटलं, कान ओढत बसता आणि औषध घालून घेत नाही, करू तरी काय मी तुमचं? त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि तोंड गॅलरीकडे फिरवलं.

आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत लूमचे कारखाने आहेत. म्हणजे होते म्हणा, आता निम्मे बंद पडलेत. शाळेतून येताना मी त्याच गल्लीतून येते. एका दुपारी बघते तर एका कारखान्याच्या लूमा उखडून भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवत होते. ओट्यावर तिथला वॉचमन बॅग भरून बसलेला. उत्तर प्रदेशचा, पन्नाशीचा माणूस, येता-जाता "नमस्ते दीदी" म्हणणारा. त्याच्या पायाशी एक बदामी रंगाचा लॅब. मोठा झालेला, अंगानं धष्टपुष्ट, गळ्यात निळी सुती दोरी. हा कुत्रा शेठच्या मुलासाठी पिल्लू असताना आणलेला. वाढला, घरात मावेना, सोफा कुरतडायला लागला, म्हणून शेठनं कारखान्यात आणून सोडला. मग कारागिरांनीच त्याला लहानाचा मोठा केला. आता कारखाना गेला, कारागीर पांगले, वॉचमन गावाला निघाला. शेठ म्हणाला, सोडून दे, राहील इथंच कुठंतरी.

"दीदी, आप तो जानवरों का करती हैं ना," वॉचमन माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला. शेजारच्या कारखान्यातल्या लूमा चालू होत्या, त्यात दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. "इसको ले जाइए. ये रोड पे नहीं जिएगा."

शेठच्या नावानं मनातल्या मनात जे बोलायचं ते मी बोलून घेतलं. मग दोरी हातात घेतली आणि विचारलं, "नाम क्या है इसका?" त्यानं उत्तर दिलं नाही. छातीवर पालथा हात दोनदा थोपटला, माझ्याकडे बघितलं आणि तसाच तो हात पुढे पसरला. डोळे भरून आले होते त्याचे. मला वाटलं, गहिवरलाय बिचारा, निरोप घेतोय. मीही छातीवर हात ठेवून मान हलवली. तेवढ्यात टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला, तो टेम्पोत चढला आणि गेला. पुन्हा कधी दिसला नाही.

कुत्रा घरी आला. बाबांनी एकदा बघितलं, काही बोलले नाहीत. मी त्यांना ओरडून सांगितलं, "मागच्या कारखान्यातला आहे, वॉचमननं जाताना दिला. चारच दिवस!"

आणि माझी परीक्षा सुरू झाली. त्याला हाक मारायची तर नाव हवं. मोती म्हणून बघितलं, टायगर, शेरू, रॉकी, राजा, ब्रूनो. ढिम्म. कान हलेल तर शपथ. मी जोरात हाक मारली, आणखी जोरात मारली, तेव्हा मात्र तो शेपूट पायात घालून जो दिवाणाखाली घुसला तो तासभर बाहेर येईना. मला वाटलं, माझं रागावलेलं तोंड बघून पळाला.

त्याहून वाईट म्हणजे तो खाईना. भात आणि चिकन कालवून पुढे ठेवलं. समोर येऊन बसला, ताटलीकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, तोंडातून लाळ गळतेय, फरशी ओली होतेय आणि पठ्ठ्या तोंड लावत नाही. पाणी तेवढं प्यायचा. दूध ठेवलं, अंडं ठेवलं, ग्लुकोजची बिस्किटं ठेवली. नाही म्हणजे नाही. बाहेर नेलं तर शी-शू करायचा आणि कारखान्याच्या गल्लीकडे तोंड करून उभा राहायचा.

तिसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी त्याला तपासलं आणि मग त्याच्या पाठीमागे जाऊन स्टीलचा ट्रे धाडकन फरशीवर टाकला. मी उडाले, दारात बसलेली एक पर्शियन मांजर उडाली, हा मात्र शांत. डॉक्टर म्हणाले, "ऐकू येत नाही याला. ठार बहिरा दिसतोय." सलाइन लावलं. म्हणाले, जुन्या माणसांसाठी झुरतोय. दोन-तीन दिवसांत खायला लागला तर ठीक, नाहीतर अवघड आहे.

खारबावला एकांची भाजीची वाडी आहे. त्यांना कुत्रा हवा होता, मी त्यांच्याशी बोलून ठेवलं होतं. बहिरा आहे म्हटल्यावर त्यांनी फोनवरच हात वर केले. "बाई, राखणीला पाहिजे, त्याला चोर आलेला कळणार न्हाय तर काय उपयोग?" भांडायला तोंड उघडलं होतं, पण काय भांडणार? बरोबरच होतं त्यांचं. फोन ठेवला आणि पहिल्यांदा मला खरंच भीती वाटली. आजवर आणलेलं एकही जनावर माझ्या दारात मेलं नव्हतं. हा मरणार, आणि मी समोर बसून बघणार.

पाचवा दिवस रविवार. दुपारी मी भाताची ताटली ठेवली. तो येऊन बसला, लाळ गाळायला लागला आणि माझ्या हातांकडे टक लावून बघत राहिला. बरगड्या दिसायला लागल्या होत्या. माझा तोल गेला. "अरे खा ना रे बाबा! का छळतोस? खा!" मी किंचाळले. तो सुसाट दिवाणाखाली. आणि मी तिथंच फरशीवर फतकल मारून रडायला लागले.

गॅलरीतून बाबा उठून आत आले. आपणहून, न बोलावता. भिंतीला धरत धरत माझ्याजवळ बसले. गुडघे कडकड वाजले त्यांचे.

"बोंबलू नको बाय," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला मी. "त्याला ऐकू येतं."

"बाबा, डॉक्टर म्हणाले, बहिरा आहे! ताट आपटलं तरी—"

"कारखान्यातला कुत्रा हाय तो. ताट आपटल्यानं त्याला काय होतंय? जलमभर लूमच्या खडखडाटात झोपला तो." मग थांबून म्हणाले, "पन तू बोंबललीस की पळतो. म्हंजे ऐकू येतं ना? कारखान्यात कोन ओरडतं? ज्याचा हात मशीनमधे गेला तो. न्हायतर लूममधला धोटा उडून कोनाला लागला तर. एरवी कोन ओरडत न्हाय. ओरडून उपयोगच न्हाय. मानूस ओरडला म्हंजे काहीतरी वाईट झालं, येवढं त्याला म्हाईत हाय."

मी वाकून दिवाणाखाली बघितलं. तिथूनही तो माझ्या हातांकडेच बघत होता.

"मग तिथं बोलता कसे?" मी विचारलं. किती साधा प्रश्न! लूमवाल्याची मुलगी मी, लूमच्या आवाजात वाढले, पण चालू कारखान्याच्या आत कधी पाय ठेवला नव्हता. बाबांनी आत येऊच दिलं नाही. तू शिक, म्हणायचे, इथं तुझं काय काम.

बाबांनी हात वर केला आणि बोटं हलवली. "हातानं. तो बघतो ना तुझ्या हाताकडं सारखा? वाट बघतोय." मग म्हणाले, "तो भय्या जाताना काय बोलला तुला?"

"काही नाही. नाव विचारलं तर सांगितलंच नाही त्यानं. नुसता छातीवर हात ठेवून गेला."

"कसा? दाखव."

मला त्या वेळी हे सगळं फिजूल वाटत होतं. तरी नाक पुसलं आणि वैतागून दाखवलं. "असा." छातीवर पालथा हात दोनदा थोपटला आणि पुढे पसरला.

दिवाणाखालून नखांचा आवाज आला. तो बाहेर आला. सरळ माझ्यासमोर येऊन बसला आणि शेपूट फरशीवर आपटायला लागला. पाच दिवसांत पहिल्यांदा.

मी बाबांकडे बघितलं. बाबा हसत होते. आई गेल्यावर मी त्यांना हसताना बघितलंच नव्हतं. "ते नाव हाय त्याचं," ते म्हणाले. "सांगून गेला भय्या. तुला कळलं न्हाय."

मग बाबांनी दोन्ही हात समोर आडवे धरून एकमेकांवरून फिरवले. लूम बंद. पाचही बोटं जुळवून तोंडाशी नेली. जेवण. कारखान्यात जेवायची सुट्टी झाली की ही खूण करतात, ती सगळ्या कारखान्यांत एकच. बाबांचा हात खाली यायच्या आत त्यानं ताटलीत तोंड घातलं. कारागिरांचे डबे ओट्यावर उघडे पडलेले असायचे, त्यात तोंड घालू नये म्हणून त्याला तशी शिस्त लावलेली, हे बाबांनी मला मागाहून समजावलं. खुणेशिवाय खायचं नाही. पाच दिवस उपाशी राहिला, पण त्यानं शिकवलेलं मोडलं नाही. त्याच्या त्या गपागप खाण्याचा आवाज ऐकत मी पुन्हा रडले. हे रडणं वेगळं होतं, सांगायला नको. मी बाबांचा हात घट्ट धरून बसले होते.

त्या दुपारी बाबा जेवढं बोलले तेवढं तीन वर्षांत बोलले नव्हते. कारखान्यात प्रत्येकाला एक खूण असायची. नावानं हाका मारून ऐकू येणार कुणाला? मुकादम म्हणजे मिशीला पीळ. शेठ म्हणजे पोटावरून गोल हात. एक कारागीर होता, त्याला सारखी पान खायची सवय, त्याची खूण म्हणजे फुगलेला गाल. तो मागाहून पान सोडून वारकरी झाला, तरी गाल फुगलेलाच राहिला.

"आणि तुमची?"

बाबांनी मनगट हवेत दोनदा फिरवलं. पाना फिरवतात तसं. जॉबर.

आई! आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रोज असंच मनगट फिरवायची. आपण "काय?" म्हणून हात फिरवतो ना, तसं. मला जन्मभर वाटायचं, ती बाबांना विचारतेय, काय चाललंय, काय हवंय. आईही पोरवयात त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची, तिथंच दोघांचं जुळलं, हे मला माहीत होतं. पण ती त्यांना हाक मारत होती, हे माहीत नव्हतं. म्हणून तिला कधी ओरडावं लागलं नाही. म्हणून ते चटकन उठायचे. आणि मी, शिकलेली, ऑफिसात बसणारी, त्यांना तीन वर्षं जेवायला बोंबलून बोलावत होते. दर वेळी दचकून उठताना त्यांच्या मनात काय येत असेल? कोणाचा हात गेला?

"बाबा, चुकलं माझं," मी म्हटलं. हळू म्हटलं, त्यांना ऐकू गेलं नसणार. पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असावं. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली.

"आणि माझी खूण काय होती?" मी विचारलं.

ते एकदम थांबले. "तुला म्हाईत न्हाय?"

"नाही."

मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे," आणि कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. मला वाटलं, काहीतरी चिडवायची खूण असणार, म्हणून सांगत नाहीत. तोंडाची टकळी वगैरे.

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते उन्हाळ्याच्या सुट्टीसारखे. मी शाळेत जायची, घरी बाबा आणि तो. बाबा त्याला घेऊन सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायला लागले. जिना नाही, तळमजला, तरी जो माणूस तीन वर्षं गॅलरीच्या पलीकडे गेला नव्हता तो आता चप्पल घालून दारात तयार. जेवायच्या वेळी मी दारात उभी राहायची, मनगट फिरवायची आणि बाबा उठायचे. मग छातीवर हात थोपटायची आणि तो उठायचा. दोघं मागेपुढे स्वयंपाकघरात. मी संध्याकाळी यायची तेव्हा दोघांचं काहीतरी चाललेलं असायचं, हातवारे, शेपूट. बाबा त्याला नवीन काहीतरी शिकवत होते. विचारलं तर, "आमचं हाय," म्हणायचे.

आणि तो पायात येऊन बाबा पडले का? नाही. बाबांच्या डाव्या बाजूला, गेलेल्या कानाच्या बाजूला चालायचा तो. मागून रिक्षा आली की अंगानं त्यांना कडेला लोटायचा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

पण नियम म्हणजे नियम. चाराचे चाळीस दिवस झाले होते. मी घर शोधतच होते, आणि सापडलं तेही असं की नाव ठेवायला जागा नाही. वडप्याच्या पुढे एका नवराबायकोचा छोटा बंगला. पुढे अंगण, गेट, दोघंही शाळेत शिकवणारी, आधीचा कुत्रा म्हातारा होऊन गेला, त्याचा फोटो भिंतीवर. मी जाऊन बघून आले. एकही खोट काढता आली नाही मला, आणि खरं सांगते, त्याचाच राग आला. त्याला तिथं अंगण मिळणार होतं. आमच्याकडे काय, दोन खोल्या आणि दिवाणाखालची जागा. त्याचं बरं बघायचं की माझं?

रविवारी दोघं न्यायला आले. त्याच्यासाठी नवा पट्टा घेऊन आले होते. मी चहा केला. खुणा समजावल्या, कागदावर लिहून दिल्या. त्या बाईंनी छातीवर हात थोपटून बघितला, तो उठून त्यांच्याकडे गेला, त्यांनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला. मी बोलतच राहिले. अंघोळ कधी घालायची, हाडं घालू नका, एकटं ठेवू नका, ओरडू तर मुळीच नका.

बाबा गॅलरीच्या दारातल्या खुर्चीत बसले होते. माझ्याकडे बघत त्यांनी कानाची पाळी दोनदा ओढली.

"कान नंतर बघू बाबा, पाहुणे बसलेत," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा ओढली. आणि तो त्या बाईंच्या हाताखालून उठला, माझ्याकडे आला, माझी ओढणी दातात हलकेच धरली आणि मला बाबांकडे ओढायला लागला.

"अगं बाई, किती हुशार," त्या म्हणाल्या.

मी ओढणी सोडवून घेतली. बाबांनी पुन्हा पाळी ओढली. तो पुन्हा आला, पुन्हा ओढणी धरली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. अगदी सरळ सांगत होता, हाक मारतायत तुला, जात का नाहीस?

हातातली बशी मी खाली ठेवली. बाबांसमोर जाऊन उभी राहिले. माझा हात आपोआप माझ्या कानाकडे गेला. पाळी धरली, दोनदा ओढली, आणि भुवया उडवून विचारलं, ही?

बाबांनी मान हलवली. "मग कोनाची?" ते म्हणाले. "तान्ही होतीस तवा आयच्या कानातलं कुडं धरल्याबिगर झोपत न्हवतीस. तिनंच ठेवली ही खूण."

आई होती तेव्हा ती सांगायची, "जा, बाबा बोलावतात." मला वाटायचं, तिला कसं काय कळतं? मग आई गेली, सांगणारं कोणी उरलं नाही, आणि बाबा दिवसातून पाच-सहा वेळा मला हाक मारत राहिले. मी त्यांच्या कानात थेंब घातले.

त्यांना तेव्हा काय हवं होतं तेही मी विचारलं. कधी पाणी, कधी काही नाही. "नुसतं ये म्हनून," ते म्हणाले.

त्या नवराबायकोंसमोर मी काय केलं ते सांगत नाही. त्या बाई उठल्या, मला जवळ घेतलं, आणि नवा पट्टा टेबलावर तसाच ठेवून दोघं निघाले. "हा त्याचाच आहे," एवढंच म्हणाल्या. मी एवढी जगाशी भांडते, पण असंही कोणी भेटतं. बाबांनी छातीवर हात दोनदा थोपटला आणि मग दोन्ही हातांनी मला खूण केली, द्यायचा न्हाय. मघापासून हेच सांगायला बोलावत होते.

नियम मी मोडला. त्याला हाकेचं नाव आम्ही ठेवलंच नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडे कागदावर काय लिहायचं म्हणून अडचण झाली, तेव्हा बाबा म्हणाले, "लिहा, आमचा."

त्या वॉचमनचा पत्ता माझ्याकडे नाही. भेटला तर पाया पडेन, तो नको म्हणाला तरी. त्यानं मला कुत्रा दिला असं लोक म्हणतात. म्हणू देत.

आता बाबांचा हात कानाकडे गेला की कुत्र्याच्या आधी मी उठायला बघते. बहुतेक वेळा तोच जिंकतो. हातातलं काम टाकून मी जाते, समोर उभी राहते. "आले," असं ओरडत नाही. मान हलवते, तेवढं बाबांना ऐकू येतं.